आत्तीच्या घरातले उंच स्विचबोर्ड

हिडकलला गेलो तो धरणाचे दरवाजे उघडल्याचा व्हिडिओ बघून. ऑगस्टचा पहिला आठवडा, बेळगावात आठ दिवस कपडे वाळेनात, आणि मोबाईलवर ते दुधासारखं उसळणारं पाणी. मित्राच्या गाडीवर निघालो. हायवेला रेनकोट फाटला. यमकनमर्डीत चहा.

धरणाजवळ नुसती जत्रा! कणसं, मिरची भजी, आणि पाण्याकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढणारी माणसं. पाण्याचा दणका छातीत वाजतो तेवढं खरं, बाकी गर्दीनं डोकं उठलं. चंदगडच्या डोंगरातला पाऊस घेऊन घटप्रभा इथं येते. ५१ टीएमसीचा, म्हणजे ५१ अब्ज घनफुटांचा साठा, पाणी समुद्रसपाटीपासून २१७५ फुटांवर गेलं की धरण भरलं. एवढं पाणी इथं अडलंय म्हणजे खालची गावं निवांत, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं.

धुपदाळचा बंधारा, गोकाकचा धबधबा, झुलता पूल, सगळं पावसात पुसट दिसलं. मुक्कामाला गोकाकात आत्तीकडे.

मोबाईल मेला होता. चार्जर घेऊन भिंतीनं फिरतोय तर बोर्ड सापडेना.

"वर बघ की रे," आत्ती म्हणाली.

बोर्ड माझ्या कपाळाच्या रेषेत. सगळ्या खोल्यांत तसेच. मिक्सर लावायला आत्ती चवड्यांवर उभी राहते. फ्रिज सिमेंटच्या ओट्यावर, देव त्याच्याही वर.

"२०१९ ला पाणी आल्यावर करून घेतलं. वायरमन हसत होता. हसू दे म्हटलं."

"पण वर एवढं धरण आहे ना?"

"हाय म्हणून तर दर साली येत नाही. पण भरल्यावर ते तरी काय करणार? वरनं येतंय ते सोडायलाच लागतंय की."

मला तिथं पहिल्यांदा उमगलं, की पूर अडवते ती धरणातली रिकामी जागा. जूनमध्ये तळ दिसत असतो तेव्हा पहिले लोंढे ते गिळतं, खाली कुणाला पत्ताही लागत नाही. पुढं ऊस, कालवे, उन्हाळ्याचं पिणं, या सगळ्यासाठी ते भरावंच लागतं, आणि नेमका मोठा पाऊस तेव्हाच येतो. जागा करायची म्हटली तरी झटक्यात होत नाही. साडेअकरा हजार क्युसेकनं, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी, दिवसभर सोडलं तर कुठं एक टीएमसी कमी होतं, तेही वरनं काही येत नसेल तर. आधीपासून थोडं थोडं सोडावं, तर पावसानं दडी मारली की शिव्या. उशीर केला की आत्तीच्या घरात पाणी.

बेळगावच्या नळांना राकसकोप जलाशयाबरोबर हिडकलचंही पाणी येतं. म्हणजे धरण काठोकाठ भरलंय ही बातमी वाचून दरवर्षी खुश होणाऱ्यांतला मी. हे आत्तीला सांगितलं नाही. जेवताना तिसरी भाकरी नको म्हटलं तर ती रागावली, खाल्ली.

पहाटे साडेपाचला तिच्या बोलण्यानं जाग आली. संकेश्वरच्या जावेला फोन लावला होता.

"आत्ती, हिडकलचं पाणी मोबाईलवर कळतं की."

"हिडकलचं कळतंय. हिरण्यकेशीचं कोण सांगणार?"

आंबोलीकडून संकेश्वरवरून येणारी हिरण्यकेशी घटप्रभेला मिळते ती हिडकलच्या खाली. मार्कंडेय तर पार गोकाकाजवळ. हिडकलचे सगळे दरवाजे बंद ठेवले तरी या दोघी यायच्या त्या येणारच. धरणाच्या भिंतीसमोर भजी खाताना हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

"पुलाला लागली काय?" आत्ती फोनमध्ये ओरडत होती. पलीकडून काहीतरी लांबलचक उत्तर आलं. तिनं फोन ठेवला, चुलीशेजारचा तांदळाचा डबा उचलला आणि माझ्या हातात दिला.

"उंच हाईस. माळ्यावर ठेव."