तुम्ही विचारलंत म्हणून: विमान चुकल्यावर काय केलंत?

माझा जोडीदार दुसऱ्या खंडात राहतो हे कळलं की बोलणं फिरून फिरून त्या एका प्रवासावर येतं. पहिलं विमान रखडलं, पुढचं चुकलं, इमिग्रेशनला बाजूला बसवलं आणि शेवटी बॅगही आली नाही, हे एव्हाना ओळखीतल्या सगळ्यांना माहीत झालंय. मग प्रश्न येतोच, "एकटीनं हे सगळं निस्तरलंत कसं? घाबरला नाहीत?" विचारणारे बरेचजण स्वतःही कुणाला तरी भेटायला निघालेले असतात, बहुधा पहिल्यांदाच. त्यांच्या आवाजातली काळजी मला लगेच ओळखू येते. म्हणून यावेळी दोन वाक्यांत न उरकता जरा बैजवार लिहिते.

घाबरले होतेच. पण त्या सगळ्या वेळात मी एक प्रश्न घट्ट धरून ठेवला होता: या घडीला मला पुढे पोचवण्याची जबाबदारी कुणाची आहे? याचं उत्तर तिकीट काढतानाच ठरून जातं. सगळे टप्पे एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरखाली, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकाखाली असतील आणि पहिल्या विमानाच्या उशिरापायी पुढचं चुकलं, तर तुम्हाला शेवटच्या मुक्कामी नेण्याची सोय विमान कंपनीनं करायची असते. तेच दोन वेगळी तिकिटं आपली आपण जोडलेली असली, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही वेळेवर न आलेले प्रवासी असता, बस. वेगळी तिकिटं बऱ्याचदा स्वस्त पडतात. भेटीची ओढ लागलेली असली की जी जोडणी आधी दिसेल ती घेऊन टाकावीशी वाटते, हेही मला माहीत आहे. पण अशा जोडणीत बहुधा मधल्या विमानतळावर बॅग ताब्यात घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, त्यासाठी त्या देशात रीतसर शिरावं लागतं, आणि शिरायचं तर व्हिसा लागू शकतो. वाचणाऱ्या पैशांत हे सगळं धरून बघा. भेट थोडी लांबली तरी चालेल, पण तिकीट एकच असावं, असं माझं ठाम मत आहे.

एका तिकिटातही मधला वेळ बघून घ्यावा लागतो. दोन विमानांमध्ये किमान किती वेळ हवा हे प्रत्येक विमानतळासाठी ठरलेलं असतं आणि आरक्षणाची यंत्रणा त्याच हिशोबानं जोडण्या दाखवते. पण किमान म्हणजे अगदी किमान. टर्मिनल बदलणं, पुन्हा सुरक्षा तपासणी, आणि उड्डाणाच्या साधारण पंधरा-वीस मिनिटं आधी बंद होणारं गेट, हे सगळं त्यातच बसवायचं असतं. लांबच्या प्रवासात मधे तीन तास तरी मोकळे असावेत. माझ्याकडे तेवढे होते, तरी तांत्रिक दुरुस्तीसाठी पहिलं विमान जागेवरच इतकं थांबलं की तो सगळा वेळ त्यातच गेला.

उतरलो तेव्हा पुढच्या विमानाचं नाव बोर्डावरून गेलेलं होतं आणि ट्रान्सफर डेस्कपुढे लांबच लांब रांग लागली होती. मी रांगेत उभी राहिले आणि तिथूनच कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. ॲपही उघडून ठेवलं, कारण कधी कधी नवी जागा आपोआप मिळालेली असते आणि आपल्याला पत्ताच नसतो. पुढच्या विमानांत जागा मोजक्या असतात. त्या डेस्कवरून मिळोत, फोनवरून मिळोत की ॲपवरून, ज्याला आधी मिळतात त्याच्या.

माझ्या पुढे एक मुलगा होता. त्याला कुठल्या तरी समारंभाला पोचायचं होतं आणि तो मोबाइलवर दुसऱ्याच कंपनीचं तिकीट काढायच्या बेतात होता. मी त्याला थांबवलं. तिकिटाचे टप्पे क्रमानं वापरायचे असतात. एक टप्पा न कळवता सोडला, तर पुढचे सगळे रद्द होऊ शकतात, अगदी परतीचासुद्धा. शिवाय आपण आपलं वेगळं तिकीट काढलं की जबाबदारीही आपल्याच गळ्यात येते. काढायचंच असेल तर आधी डेस्कवर विचारून, जुन्या तिकिटाचं काय होणार हे लेखी घेऊन मगच काढावं. तो थांबला. पुढे त्याला काय मिळालं ते कळलं नाही, पण अजून त्याची आठवण येते.

डेस्कवरच्या बाई दमलेल्या होत्या, तरी नीट बोलत होत्या. "पहाटेच्या विमानात बसवते," त्या म्हणाल्या, "फक्त मधे आणखी एका ठिकाणी बदलावं लागेल." त्या ठिकाणाचं नाव ऐकल्यावर मी पासपोर्ट पुढे केला आणि विचारलं, "यावर तिथून जाता येईल का? ट्रान्झिट व्हिसा लागतो का, एवढं बघाल?" त्यांनी टाइप केलं, पडद्याकडे बघितलं, पुन्हा टाइप केलं. "लागतो. थांबा, दुसरा रस्ता बघते." दुसऱ्या रस्त्यानं जाणारं विमान कितीतरी तास उशिरा होतं. मी लगेच हो म्हटलं.

हा प्रश्न तुम्हीही न चुकता विचारा. विमान चुकल्यावर मिळणारा नवा मार्ग तुमच्या मूळ कागदपत्रांत बसेलच असं नाही. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी व्हिसा किंवा तिथली प्रवेशाची पूर्वपरवानगी लागते, आणि देशातल्या पहिल्या विमानतळावर साधारणपणे बॅगही उतरवून घेऊन पुन्हा द्यावी लागते. शेंगेन देशांपैकी, म्हणजे आपसात सीमातपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांपैकी, काही देश ठरावीक पासपोर्टांना विमानतळाबाहेर न पडताही ट्रान्झिट व्हिसा मागतात. आणि नव्या मार्गात लागोपाठ दोन शेंगेन विमानतळ आले, तर पहिल्यावरच तुम्ही शेंगेनमध्ये प्रवेश करता, म्हणजे पूर्ण व्हिसा हवा. विमान कंपन्यांचे कर्मचारी हे नियम टिमॅटिक नावाच्या माहितीसाठ्यात बघतात. 'आयाटा' ही विमान कंपन्यांची जागतिक संघटना तो चालवते. काउंटरवरची माणसं कागदांबाबत इतकी काटेकोर असतात त्यालाही कारण आहे. अपुऱ्या कागदांवर प्रवासी नेला तर अनेक देशांत कंपनीला दंड होतो आणि त्याला परत आणावं लागतं. हे ठाऊक असलं की त्यांच्याशी वाद घालावासा वाटत नाही, उलट त्यांनाच बघायला सांगावंसं वाटतं.

ती रात्र मी ट्रान्झिटमध्येच काढली. हॉटेल देत होते, पण ते विमानतळाबाहेर होतं आणि बाहेर पडायला माझ्याकडे व्हिसा नव्हता. जेवणाची कुपनं मात्र मागून घेतली, आणि उशिराचं कारण लिहिलेला कागदही. तो कागद पुढे फार उपयोगी पडतो. युरोपीय संघातून सुटणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला, आणि संघातल्या कंपनीच्या तिकडे जाणाऱ्या विमानाला, २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम लागू होतो. त्यात अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो भरपाई आहे. खराब हवामानासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर ती मिळत नाही, पण जेवणाची आणि राहण्याची सोय तेव्हाही करावीच लागते. जगभर सगळीकडे असं नाही. काही ठिकाणी कंपनीच्या स्वतःच्या अटींवरच भागवावं लागतं. म्हणून हक्क कुठला आहे हे माहीत नसलं तरी मागून बघावं.

रात्री सगळ्यात जड जातो तो फोनच्या पलीकडचा माणूस. तो जागा असतो आणि त्याच्या हातात काहीच नसतं. आम्ही निघण्याआधीच ठरवलं होतं की काही बिघडलं तर मी चारच गोष्टी कळवायच्या: मी कुठे आहे, नव्या विमानाचा क्रमांक काय, ते पोचणार कधी, आणि बॅगेचं काय झालं. नुसती वेळ कळवून भागत नाही, क्रमांक असला की त्याला विमान कुठवर आलंय ते स्वतःच बघता येतं. बाकीचं बोलणं फोन चार्जिंगला लागल्यावर. त्या चार ओळी पाठवल्या आणि त्याचं उत्तर आलं, "कळलं. आता जरा पड. मी जागा आहे." मी पासपोर्टचं पाकीट अंगाखाली घेऊन खरंच पडले.

इमिग्रेशनबद्दल लोक जरा आवाज खाली आणून विचारतात. लग्न झालेलं नाही, मग भेटायला आले असं सांगायचं कसं? सरळ सांगायचं. कितीजण "फिरायला आलेय" एवढंच म्हणतात, हॉटेलचं आरक्षण नसतं, मग राहण्याचा पत्ता कुणाचा यावर अडखळतात आणि शंका तिथून सुरू होते. मला विचारलं, कुणाकडे आलात? मी म्हटलं, जोडीदाराकडे. लग्न? नाही. किती दिवस? परतीच्या तारखेपर्यंत. नवा बोर्डिंग पास आणि जुनं तिकीट जुळत नव्हतं, म्हणून त्यांनी मला बाजूला बसवलं. उशिराचा तो कागद, जोडीदाराचं निमंत्रणपत्र, त्याच्या राहण्याच्या परवान्याची प्रत, पत्ता आणि परतीचं तिकीट, सगळं कागदावर होतं. मोबाइल अशा वेळी नेमका बंद पडू शकतो. अधिकाऱ्यानं त्याला फोन लावून पत्ता आणि माझी परतीची तारीख विचारली. दोघांची उत्तरं जुळली, शिक्का पडला. विचारलं तेवढंच आणि खरं सांगावं. आपल्या नात्याबद्दल कुठल्याही काउंटरवर खजील होण्याचं कारण नाही.

आणि मग बेल्ट रिकामा फिरत राहिला.

चेक-इनच्या वेळी बॅगेला टॅग लावतात त्याचा छोटा तुकडा आपल्या हातात देतात किंवा बोर्डिंग पासच्या मागे चिकटवतात. तो टाकू नका. त्यावर दहा आकडी क्रमांक असतो: पहिला अंक यंत्रणेसाठी, पुढचे तीन विमान कंपनीचे, शेवटचे सहा तुमच्या बॅगेचे. मोठ्या तीन अक्षरांत शेवटच्या विमानतळाची खूण असते. बॅग पट्ट्यावर सरकण्याआधीच ती अक्षरं वाचून घ्यावीत. माझ्या टॅगवर ती बरोबर होती, पण मार्ग बदलला तेव्हा बॅग जुन्याच मार्गाच्या रांगेत राहिली होती. असं फार वेळा होतं. अशा बॅगा बहुतेक करून सापडतातही, कारण त्या कुणी नेलेल्या नसतात, नुसत्या मागे पडलेल्या असतात.

बाहेर तो उभा होता, काचेतून दिसतही होता. तरीही मी आधी बॅगेज डेस्कवर गेले. तक्रार हॉलमध्येच नोंदवावी लागते. बाहेर पडलं की परत आत येणं अवघड, आणि बॅग विमानतळावरच राहिली होती हे दाखवणं त्याहून अवघड. तिथे पीआयआर नावाचा अर्ज भरतात आणि एक फाइल क्रमांक देतात: विमानतळाची तीन अक्षरं, कंपनीची दोन, आणि पाच आकडे. त्याच क्रमांकावर पुढे बॅगेचा माग काढता येतो. पत्ता देताना मी त्याच्या घराचा पूर्ण पत्ता आणि त्याचाच फोन नंबर दिला, कारण माझं सिम तिथे चालेल याची खात्री नव्हती. औषधं, चष्मा, एका दिवसाचे कपडे आणि चार्जर हातातल्या बॅगेत होते. पॉवर बँक तर तशीही हातातल्या सामानातच न्यावी लागते, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही.

आंतरराष्ट्रीय विमान प्रवासासाठीच्या १९९९ च्या माँट्रियल करारानुसार बॅगेच्या उशिराला कंपनी जबाबदार असते. भरपाईची कमाल मर्यादा डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. ही कमाल मर्यादा आहे, ठरलेली रक्कम नव्हे. तुमचं खरंच जेवढं नुकसान झालं तेवढंच मिळतं, म्हणून मधल्या दिवसांत घेतलेल्या कपड्यांच्या आणि गरजेच्या वस्तूंच्या पावत्या जपून ठेवाव्यात. बॅग हातात आल्यापासून २१ दिवसांत उशिराबद्दल लेखी मागणी करायची. २१ दिवसांत ती आलीच नाही, तर हरवली असं धरून दावा करता येतो.

आता एक असं लिहिते जे मला फारसं कुणी विचारत नाही. वाट बघणाऱ्या माणसालाही कामं असतात, आणि ती निघण्याआधीच वाटून घ्यावीत. त्यानं विमान उतरण्याच्या सुमाराला अनोळखी नंबरचाही फोन उचलावा, तो इमिग्रेशनचा असू शकतो. सगळ्या कागदांची एक प्रत त्याच्याकडेही असावी. पहिल्या दिवशी भेटीगाठी, बाहेरचं जेवण, मित्रमंडळी असं काहीही ठरवू नये. आम्ही काही ठरवलं नव्हतं, म्हणून पूर्ण एक दिवस उशिरा पोचूनही कशाचाही खोळंबा झाला नाही. आणि बॅग घरी आली की पोचपावतीवर सही करण्याआधी त्यानं चाकं, मूठ आणि कुलूप बघून घ्यावं, कारण मोडतोडीची लेखी तक्रार करायला फक्त ७ दिवस असतात.