गावात ट्रॅक मोड कशाला?

आज भाच्याची नवी बाईक पन्हाळ्यापर्यंत फिरवून आणली, तो मागं बसला होता. ट्रॅक्शन कंट्रोलला (ताकद दिल्यावर मागचं चाक घसरू न देणारी यंत्रणा) तीन मोड: रेन (पावसाचा), स्ट्रीट (रोजच्या रस्त्याचा), ट्रॅक (रेसच्या ट्रॅकचा). गडी कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरच्या गर्दीतसुद्धा ट्रॅकवरच चालवतो. का, तर "मामा, त्याशिवाय मजा नाही!"

आता हे काम कसं करतं बघा. सेन्सर दोन्ही चाकांचा वेग मोजतात. मागचं चाक पुढच्यापेक्षा जास्त पळायला लागलं की इंजिनची ताकद आपोआप कमी होते. ट्रॅक मोड चाकाला जरा जास्त घसरू देतो आणि मग मधे पडतो. गरम टायर आणि कोरडं, स्वच्छ डांबर असेल तर ठीक. आपल्याकडे?

केर्लीच्या पुढं ट्रॅक्टरच्या चाकांतून पडलेली माती, त्यावर भुरभुर पाऊस. स्ट्रीट मोडमध्ये दुसऱ्या गिअरवर थोडा ॲक्सिलरेटर पिळला, तर मीटरवरचा पिवळा दिवा लुकलुकला, इंजिन क्षणभर गुदमरलं आणि गाडी सरळच राहिली. भाच्याची बडबड तेवढी थांबली. वाघबीळच्या घाटात मी सरळ रेन लावला. (चढाला गाडी थोडी मंद वाटते, वाटू दे.)

आणि ब्रेक मारताना यातला कुठलाच मोड वाचवत नाही हं, ते काम एबीएसचं, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं.

गडावर पार्किंगच्या चिखलात मात्र उलटं झालं. चाक फिरलं की ताकद कापली जायची, गाडी हलेना. ट्रॅक्शन बंद केलं, भाच्यानं मागून ढकललं, निघाली. पँट त्याची गेली.