एका पायावरचं अस्वल

वाईच्या काशीविश्वेश्वरासमोरचा नंदी पाय दुमडून बसलाय, सगळा भार जमिनीवर टेकवून. कॅनडाच्या उत्तर टोकाकडचे इनुइट शिल्पकार पाउता साइला यांचं नाचणारं ध्रुवीय अस्वल एका पायावर उभं असतं. दोन्ही दगडच. फरक कारागिराच्या हातात आहेच, पण त्याआधी तो दगडात आहे.

आपल्याकडचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, कठीणपणा मोजायच्या मोह्‌सच्या मापात (1 सर्वांत मऊ, 10 सर्वांत कठीण) 6 च्या आसपास. म्हणून पाथरवट टाकीने ठोके मारून त्याचे टवके काढतो. साइला यांच्या गावी, कॅनडातल्या बॅफिन बेटाजवळच्या किनगाइटमध्ये (आधी त्याला केप डॉर्सेट म्हणत), सर्पेंटाइन नावाचा मऊसर दगड वापरतात. तो साधारण 3 ते 5 चा, त्यावर कानस चालते. ठोका मारल्यावर जो पाय तुटेल, तोच घासून बारीक करता येतो. तिथलेच शिल्पकार ओसुइतोक इपीली (1923–2005) यांच्या कॅरिबूंचे (उत्तरेकडच्या रेनडिअर हरणांचे) काडीसारखे पाय पाहताना हे लक्षात ठेवावं.

दगड घेताना हातोडीने हलकं वाजवून बघतात. खणखणीत आवाज आला तर बरा, बद्द आला तर आत चीर. मग दगड पाण्याने भिजवायचा. वरचा भाग वाळतो, चिरेची रेघ मात्र ओली, काळी राहते. अशी रेघ पायाच्या जागी येत असेल तर दगड उलटा करून प्राण्याची ठेवणच बदलावी. 20 × 15 × 30 सेंमीचा ठोकळा सुमारे 23 किलो भरतो.

मोठे भाग पूर्वी कुऱ्हाडीने उडवत, आता ग्राइंडरवर डायमंड ब्लेड लावून कापतात. पुढे रफ कानस, मग बारीक. कॅरिबूच्या चार पायांमधला दगड शेवटपर्यंत तसाच ठेवायचा, पोट, पाठ, मान पूर्ण झाल्यावरच काढायचा. हा आधार आधी काढला की पाठीवर कानस फिरवताना पाय गुडघ्यात मोडतो. बहुतेक मोडतोड इथेच होते. शिंगं बऱ्याचदा खऱ्या शिंगातून कोरून डोक्यातल्या भोकांत बसवतात.

अस्वलाचा तोल गवंड्याच्या ओळंब्याने कळतो. अस्वलाच्या सगळ्या वजनाचा मध्य उभ्या पायाच्या तळव्यात पडला पाहिजे. पुढे झुकत असेल तर पुढचे पंजे हलके करावेत, तळवा मात्र घासू नये; तो जितका रुंद तितका भरवसा. आणि हे पॉलिशच्या आधीच करावं, नाहीतर सगळं पुन्हा घासावं लागतं.

पॉलिशसाठी पाण्याचा कागद (ओला करून घासायचा पॉलिशपेपर) 220, 400, 600, 1000 असा चढत्या क्रमाने. मधला एक नंबर गाळला तर तेव्हा काही दिसत नाही, मेण लावलं की ओरखडे उठतात. दगड सगळीकडून सारखा कोमट करूनच मेण लावायचं. एकाच जागी ज्योत धरली तर तडा जातो.

धुळीबद्दल ठाम सांगतो: काही सर्पेंटाइनमध्ये ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुफ्फुसाला घातक खनिज तंतू, असतं. किनगाइटचे कारागीर थंडीतही उघड्यावर काम करतात ते याच धुळीपायी. नाकाला रुमाल बांधून भागत नाही. फिल्टरचा मास्क हवा आणि दगड ओला.

कराड-सांगलीकडे कुणाला हात चालवून बघायचा असेल तर संगजिऱ्याचा दगड घ्यावा. तो नखानेही ओरखडतो, त्यामुळे त्यात कॅरिबूचे पाय टिकणार नाहीत. त्यात सील हा समुद्री प्राणी कोरावा. त्याचे वल्ह्यासारखे पाय अंगाला चिकटलेले ठेवता येतात, आणि तो नंदीसारखाच जमिनीला टेकून असतो.