कठड्यावरचा पाळीचा तक्ता

लातूरच्या हद्दीबाहेर आमच्या नव्या लेआउटवर चुन्याच्या रेषा पडल्या होत्या. जेसीबी सकाळपासून बाभळी काढत होता. दुपारी जुनी दगडी विहीर बुजवायची, असं माझ्या भागीदारांनी ठरवलं होतं. नकाशात तिच्यावर दोन कॉर्नर प्लॉट बसत होते आणि ओपन स्पेस गेली होती नाल्याकडच्या तिरप्या तुकड्यात. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं. जमीन 0.4 हेक्टर किंवा त्याहून जास्त असली की नियमाने 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते; मग जे विकलं जाणार नाही, तेच सोडतात. याची मला मनापासून चीड आहे. लेकरं कुठे खेळणार, म्हातारी माणसं कुठे टेकणार, हे नकाशावरच ठरतं. नाल्याकाठी नंतर बाकडी टाकली तरी तिथे कोणी बसत नाही.

जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या वस्तीतल्या बाया आल्या. पुढे एक वयस्क मावशी.

"मालक, हीर बुजवायलाव म्हणं?"

"तसं ठरलंय, मावशी."

"आधी बघा तरी."

कठड्याच्या दगडावर लाल ऑइलपेंटने तक्ता लिहिलेला होता, उन्हाने विटलेला, पण वाचता येणारा. पहिली गल्ली पहाटे, दुसरी सकाळी, देवळामागची दुपारी, असं करत शेवटची गल्ली रात्री. घरटी चार घागरी. आणि सगळ्यात खाली वेगळ्या अक्षरात: 'बाळंतीण, केव्हाबी.'

तक्ता 2016 चा. त्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं होतं, मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी 144 कलम लागलं. इथे मात्र जमिनीच्या तेव्हाच्या मालकाने विहीर मोकळी ठेवली आणि वस्तीने आपसात पाळ्या लावल्या. भांडणं झाली का, मी विचारलं. मावशी म्हणाल्या, "झाली की. म्हणून तर लिवलं."

मी जेसीबी थांबवला.

संध्याकाळी भागीदारांशी चांगलंच वाजलं. कॉर्नर प्लॉटला सगळ्यात जास्त भाव, तेच घालवतोस, हा त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. पण नकाशाला अजून मंजुरी मिळालेली नव्हती, बुकिंगही सुरू व्हायचं होतं. मी कागदावर मांडून दाखवलं: 10 टक्के सोडायचेच आहेत, ते विहिरीभोवती सोडू, नाल्याकडे नियमातलं अंतर राखून जेवढे बसतील तेवढे प्लॉट पाडू. मधल्या मोकळ्या जागेकडे तोंड असलेल्या प्लॉटना बरा भाव येईल. तरी थोडं नुकसान उरत होतं. ते माझ्या हिश्श्यातून धरा म्हटल्यावर विषय मिटला.

खरा पेच पुढे होता. ओपन स्पेस ही लेआउटमधल्या रहिवाशांसाठी असते. मग वस्तीने पाणी न्यायचं कोणत्या हक्काने? वकिलाबरोबर बसून खरेदीखतात एक कलम घातलं: टंचाईत विहिरीचं पाणी शेजारच्या वस्तीला खुलं राहील, आणि त्यासाठी रस्त्याच्या बाजूने वेगळं फाटक असेल. गच्चीवरचं पावसाचं पाणी गाळणखड्ड्यातून विहिरीत सोडायचं, हेही प्रत्येक प्लॉटधारकाला बांधील केलं. नुसता उपसा करून विहीर किती दिवस पुरणार?

त्या कलमावरून काही गिऱ्हाइकं परत गेली. "बाहेरची माणसं आत कशाला?" असं एकाने तोंडावर विचारलं. मी त्यांना विहिरीवर नेऊन तक्ता वाचायला लावला. त्यांनी वाचला, आणि तरी बुकिंग केलं नाही. कलम मी काढलेलं नाही.