वाडा हलला की दवाखाना मागे राहतो

दिवाळी झाली की फलटण, माण, खटाव, पारनेर भागातले मेंढपाळ घोड्यांवर बिऱ्हाड लादून निघतात, कोणी घाट उतरून कोकणात, कोणी मराठवाडा-विदर्भाकडं, आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत फिरतात. म्हणजे वर्षातले निम्म्याहून जास्त महिने ती मेंढरं गावात नसतातच. आणि आपली जनावरांच्या औषधपाण्याची सगळी व्यवस्था मात्र गावाला बांधलेली. दवाखाना गावात, रजिस्टर गावाचं, लस तालुक्याच्या गणतीवर. मी जनावरांची डॉक्टर, वाड्यांवर, म्हणजे मेंढपाळांच्या फिरत्या तळांवर जाते, आणि हे मला दरवर्षी नव्यानं खुपतं.

एका दवाखान्यात फ्रीजमध्ये पीपीआरची, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या एका साथरोगाची लस पडून असताना "ही मेंढरं आमच्या हद्दीतली नाहीत" असं एका मेंढपाळाला सांगितलेलं मी स्वतः ऐकलंय. अहो, रोगाला कसली हद्द! आज ही मेंढरं ज्या रानात बसली त्याच रानात उद्या गावातल्या शेळ्या चरणार आहेत की.

पीपीआर म्हणजे काय ते ज्यांनी वाड्यावर बघितलंय त्यांना सांगायला नको. आधी ताप, मग नाका-डोळ्यातून घाण, तोंडात चट्टे, हगवण, धाप, आणि बघता बघता कोकरं आडवी. आपल्या देशात हा रोग 1987 मध्ये तमिळनाडूत पहिल्यांदा सापडला आणि 2030 पर्यंत तो जगातूनच हटवायचं ठरलंय. ते होऊ शकतं, कारण लस चांगली आहे. कातडीखाली 1 मिली, आणि साधारण 3 वर्षं बघायला नको. अडचण लसीची नाहीच, लस आणि मेंढरू एका वेळी एका जागी आणायची आहे.

म्हणून पहाटे जावं लागतं. उन्हं वर आली की मेंढरं सुटतात आणि मग संध्याकाळपर्यंत कुणीच तुमच्या हाती लागत नाही. शिवाय ही लस थंडच लागते, 2 ते 8 डिग्रीत ठेवायची, पावडरमध्ये थंड द्रावण एकदा मिसळलं की दोनेक तासांत संपवायची, तीही बर्फावर ठेवूनच. तर अंधार असतानाच वाघरीत, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीत शिरायचं, दख्खनी मेंढरं काळी, त्यात अंधार, मोबाईलचा टॉर्च तोंडात धरलेला, एकानं मेंढरू पुढं ढकलायचं, दुसऱ्यानं मान धरायची, मी टोचलं की तिसरा कपाळावर रंगाचं बोट ओढणार, नाहीतर तेच मेंढरू परत पुढं येतं. गाभण मेंढीला गुडघा लागू द्यायचा नाही. कोकरं पायातून निसटतात, घोडं मधेच खिंकाळतं, आणि सगळा वाडा कामाला लागलेला असतो, अगदी शाळेत जायच्या वयाची पोरंसुद्धा. (त्या पोरांच्या शाळेचं काय, तो वेगळाच विषय, त्यावर एकदा सविस्तर लिहायचंय.)

आणि एक गोष्ट आमच्या लोकांनी लक्षात घ्यायलाच पाहिजे. आपण जाऊन बोलतो कारभाऱ्याशी, पण आजारी जनावर ओळखते ती बाई. पुरुष कळपामागं रानात, आणि मागं राहिलेली कोकरं, लंगडी, अशक्त मेंढरं सगळी तिच्याकडं. एकदा मी नाडी-बिडी बघून निघाले होते तर एक आक्का म्हणाल्या, "म्याडम, ह्येचा आवाज बसलाय बघा कालपास्नं, आईला हाक मारंना." कोकराला ताप नव्हता, वरून काहीच दिसत नव्हतं, छातीला स्टेथोस्कोप लावला तर डाव्या बाजूला घरघर. न्यूमोनियाची सुरुवात. वेळेत औषध सुरू झालं आणि वाचलं. तर प्रथमोपचाराचं, औषधाच्या डोसचं ट्रेनिंग द्यायचं असेल तर आधी बायकांना द्या, आणि गावातल्या हॉलमध्ये नको, वाड्यावर जाऊन द्या.

पहिला पाऊस पडून कोवळं गवत आलं की दुसरं संकट, आंत्रविषार, म्हणजे आतड्यातल्या जंतूंच्या विषानं होणारा रोग. यात मरतं ते कळपातलं सगळ्यात धष्टपुष्ट कोकरू. रात्री चांगलं असतं, सकाळी मेलेलं. लोकांना वाटतं कुणीतरी विष घातलं, आणि ज्याच्या शेतात बसले होते त्याच्याशी भांडणं होतात. मेलेलं कोकरू लगेच उघडून दाखवलं तर बरेचदा मूत्रपिंड बोटानं दाबताच लगद्यासारखं फुटतं. एकदा डोळ्यानं बघितलं की मेंढपाळ पुढच्या वर्षी स्वतःहून फोन करतो, मे महिना आला, लस कधी देताय? ही लस दरवर्षी लागते आणि पहिल्यांदा देताना दोन-तीन आठवड्यांनी बूस्टर. पण तेवढ्यात वाडा दोन तालुके ओलांडून गेलेला असतो, मग बूस्टर द्यायचा कुणी?

भातखाचरांच्या, पाणथळ रानात चरून आलेल्या मेंढरांचं अजून वेगळं. गोगलगायींमधून लिव्हर फ्लूक, म्हणजे यकृतातला चपटा जंत लागतो, मेंढरू खंगतं, जबड्याखाली पाणी साचून सूज लोंबते. दुकानातून अल्बेंडाझोल हे जंताचं औषध आणून अंदाजानं पाजतात, पण ते फक्त मोठ्या फ्लूकवर चालतं, लहानांवर नाही, आणि अर्धवट डोस वर्षानुवर्षं देऊन शेवटी जंत औषधाला दाद देत नाहीत. घाईत मान उंच करून पाजलं तर औषध फुप्फुसात जाऊन मेंढरू जातं ते वेगळंच.

माझं म्हणणं साधं आहे. लसीकरणाचं कॅलेंडर वाड्याच्या वाटेवर बसवा. निघायच्या आधी एक फेरी, उतरायच्या ठिकाणी दुसरी, परतताना तिसरी, आणि नोंद मेंढराबरोबर चालली पाहिजे. कानातला बारा अंकी बिल्ला त्यासाठीच तर आहे. बिल्ला काट्यात अडकून कान फाटतो, जखमेत किडे पडतात ही मेंढपाळांची तक्रार खरी आहे, ती ऐकून घेऊन जखमेचं औषध सोबत द्या, नुसती सक्ती करू नका. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत पहिल्यांदाच भटक्या पशुपालकांची वेगळी नोंद घ्यायचं ठरलं, हे फार बरं झालं. ती आकडेवारी आता लसीच्या वाटपात उतरली पाहिजे.

आणि ज्यांच्या शेतात खतासाठी मेंढरं बसतात त्यांनीही थोडं बघा. शेतात फवारणी केली असेल तर कधी केली ते वाडा उतरायच्या आधी सांगा. ज्वारीचे कोवळे फुटवे असतील तर त्यात मेंढरं घालू देऊ नका, किराळ, म्हणजे त्या फुटव्यांतलं विष, लागली की डॉक्टर येईपर्यंत वेळच मिळत नाही. लग्नातला उरलेला भात प्रेमानं आणून टाकता तोही नको, पोटात आम्ल होऊन चार-पाच मेंढरं एका रात्रीत जातात. आणि फिरत्या दवाखान्यासाठी 1962 वर फोन लावायची वेळ आली तर तुम्ही लावा, कारण आपण कुठल्या शिवारात, कुठल्या गटाजवळ बसलोय हे परक्या मुलखात आलेल्या मेंढपाळाला नीट सांगता येत नाही, तुम्हाला येतं.