आमची वाटचाल : फक्कीतला रॅम्प

सांगलीत पोटमाळ्यावरच्या दहा बाय बाराच्या खोलीत आर्किटेक्टचं ऑफिस थाटलं तेव्हा हाताला यायचे ते बंगले, रो-हाउस आणि मंजुरीचे नकाशे. तेच काम अजूनही करतो, पगार त्यावरच निघतात. पण आमच्या कामाला वळण लावलं ते मिरजेतल्या एका जुन्या हॉस्पिटलने.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली इथे मिशन हॉस्पिटल उभारलं. आज गल्लोगल्ली हॉस्पिटलं आहेत आणि अथणी-कागवाडकडूनही पेशंट येतात. आमचं काम त्यातल्याच एका दुसऱ्या, मध्यम हॉस्पिटलचं: नवं प्रवेशद्वार, आणि मोतीबिंदूसारख्या सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाणाऱ्या पेशंटसाठी डे-वॉर्ड.

डॉक्टरांना दर्शनी बाजूला काच आणि एसीपी (भिंतीवर बाहेरून लावायचे अॅल्युमिनियमचे पॅनेल) हवं होतं. आम्हीही हौसेने तसं चित्र काढून दिलं. (एसीपी मला मनापासून आवडत नाही, पण पहिलंच हॉस्पिटल, कोण बोलणार!) जोतं तीन फूट, म्हणजे एकास बाराच्या उताराने रॅम्प छत्तीस फूट. समोर तेवढी जागा नाही, म्हणून अठरा-अठराचे दोन टप्पे, मध्ये वळायला चार फुटी सपाट लँडिंग. व्हीलचेअरच्या हिशेबाने ठीकच होतं.

लाइनआउटच्या, म्हणजे नकाशा जागेवर आखायच्या दिवशी जमिनीवर फक्की (आखणीची पांढरी भुकटी) मारली. वॉर्डातले एक मामा चहा पीत बघत होते. म्हणाले, "मॅडम, हितं ट्रॉली वळायची कशी?" ट्रॉली आणवली, मीच तिच्यावर आडवी झाले. पहिल्याच वळणाला पाय फक्कीच्या बाहेर! लँडिंग आठ फुटी केलं. त्यापायी पोर्चचे दोन खांब हलले आणि काचेचं दर्शन बरंचसं गेलं. डॉक्टर आठवडाभर घुश्शात होते.

त्या ट्रॉलीवर पडल्या पडल्या आणखी एक कळलं. आडव्या माणसाला दिसतं फक्त छत. डे-वॉर्डात खाटांवर येणाऱ्या ट्यूबलाइट काढून भिंतीवर घेतल्या. सिस्टरच्या टेबलावरून दहाही खाटा दिसतील अशी मांडणी केली. संडासाचं दार बाहेर उघडणारं केलं, कारण आत कुणी चक्कर येऊन पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. हे सगळं ओपीडी चालू ठेवून. दगडी भिंत फोडायचं काम रविवारीच. सहा महिन्यांचं काम अकरा महिने चाललं, शेवटचा हप्ता तर त्याहूनही उशिरा आला.

तेव्हापासून नर्सिंग होमची पाच कामं केली. आता ऑफिसात नवा मुलगा आला की पहिले दोन दिवस नकाशा नाही. दारात उभं राहून नुसतं बघायचं.

एक गोष्ट मात्र आमच्याकडून राहिलीच. गावाकडची माणसं डॉक्टरांच्या दारात चपला काढतात. उद्घाटनानंतर चौथ्या दिवशी रॅम्पच्या तोंडाशीच चपलांचा ढीग! पदरचे पैसे घालून रॅक करून दिला. ढीग अजून तिथेच पडतो. रॅकमध्ये लोक जेवणाचे डबे ठेवतात.