गिरणीवाल्याची मुलगी

सिलिअ‍ॅक आजार असलेल्या नऊ वर्षांच्या एका मुलीला ‘पथ्य पाळत नाही’ असा शेरा केसपेपरवर मारून माझ्याकडे पाठवण्यात आले होते. मी एका सरकारी रुग्णालयाच्या बालरोग विभागात आहारतज्ज्ञ आहे आणि असा शेरा वाचला की मला प्रथम तो लिहिणाऱ्याचा राग येतो, कारण ‘गहू बंद करा’ एवढेच सांगून मोकळे होणाऱ्यांनी पुढे आईला दोष द्यावा, हे मला मान्य नाही.

निदानाबद्दल शंका नव्हती. लोहाचे औषध देऊनही हिमोग्लोबिन वाढत नव्हते, उंची खुंटली होती, रक्तातील टीटीजी, म्हणजे या आजाराची खूण मानली जाणारी प्रतिपिंडे, पुष्कळ वाढलेली होती आणि दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्यात लहान आतड्याच्या अस्तरावरचे, अन्नरस शोषणारे बोटांसारखे उद्वर्ध सपाट झालेले दिसले होते. या आजारात ग्लुटेन या गव्हासारख्या धान्यांतल्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते, त्यामुळे गहू, जव आणि राय ही धान्ये जन्मभर टाळणे हाच उपचार ठरतो. वर्ष उलटूनही तिचे टीटीजी मात्र फारसे उतरले नव्हते. आई ठामपणे म्हणाली, “मॅडम, वाढदिवसाचा केकसुद्धा मी तिला चाखू दिला नाही.” माझा तिच्यावर विश्वास बसला.

गहू घरात कोणत्या वाटांनी शिरतो हे शोधणे हा माझ्या कामाचा गाभा आहे, आणि छापील पथ्यपत्रकांत त्यातले फार थोडे असते. बांधणी हिंगात, म्हणजे डबीतल्या मिश्र हिंगात, बहुधा मैदा किंवा कणीक मिसळलेली असते, मेतकुटात आणि सातूच्या पिठात भाजलेला गहू असतो, आणि थालीपिठाच्या भाजणीत मूठभर गहू घालणारी घरे पुष्कळ आहेत. या घरात मेतकूट आणि भाजणी केव्हाच बंद झाली होती. हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरे तेवढी कोणी वाचली नव्हती. पण वरणातल्या चिमूटभर हिंगाने एवढे व्हावे हे मला पटेना, म्हणून ज्वारी कोठून दळून आणता असे मी विचारले. “आमची घरचीच गिरणी आहे ना,” ती म्हणाली.

गिरणी घराच्या पडवीतच होती आणि तिला एकच चक्की होती. गव्हाचे दळण झाले की दगडांच्या खाचांत, पेटीच्या कोपऱ्यांत आणि पीठ डब्यात सोडणाऱ्या कापडी नळीत गव्हाचे पीठ उरते आणि पुढच्या ज्वारीत उतरते. ग्लुटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन चालत नाही, आणि गव्हाच्या पिठात साधारण आठ ते दहा टक्के ग्लुटेन असते. म्हणजे किलोभर ज्वारीच्या पिठात पाव ग्रॅम कणीक मिसळली तरी ती मर्यादा गाठली जाते. शिवाय मुलगी शाळेतून आल्यावर वडिलांजवळ गिरणीतच अभ्यासाला बसत असे, आणि हवेत उडणारे पीठ नाकातोंडावाटे घशात आणि तिथून पोटात जाते.

वडील शांतपणे ऐकत होते. त्यांनी पाथरवटाकडून नवे जाते आणले, ज्वारी निवडून, धुऊन, वाळवून आई तिच्यापुरती दळू लागली, मुलीची अभ्यासाची जागा मागच्या खोलीत गेली आणि स्वयंपाकघरात हिंग येणे थांबले. पुढच्या तपासणीत टीटीजी निम्म्यावर आले, पण सामान्य झाले नाही. गिरणी घरापासून दूर हलवावी असे मला सुचवावेसे वाटते, परंतु ज्या गावात गव्हाच्या दळणावरच त्या कुटुंबाचे पोट चालते तिथे दुसऱ्या जागेचे भाडे कोणी भरायचे, याचे उत्तर माझ्याकडे नाही आणि आमच्या रुग्णालयाच्या कोणत्याही योजनेतही नाही.

आता मला आईची काळजी अधिक वाटते. लग्नापासून तिचे हिमोग्लोबिन कमीच असते आणि ‘बायकांचे असतेच’ म्हणून ते कोणी मनावर घेतलेले नाही. हा आजार रक्ताच्या नात्यात आढळतो, त्यामुळे आईवडील आणि भावंडांची टीटीजी चाचणी निदानाच्या वेळीच व्हायला हवी होती. वडिलांची आणि धाकट्या भावाची आम्ही आता करून घेतली. आईने मात्र मुलीला एकटे वाटू नये म्हणून वर्षापूर्वीच पोळी सोडली आहे, आणि गहू खाणे थांबवलेल्या माणसाच्या रक्तात आजार असूनही तो न दिसण्याची शक्यता असते. खरे निदान हवे असेल तर तिला काही आठवडे रोज गहू खावा लागेल, तोही त्याच स्वयंपाकघरात शिजवून. ती त्याला तयार नाही, आणि तिला आग्रह करावा की नाही हे माझे अजून ठरलेले नाही.